दोन्ही बाजूंना सिंह: एका ‘लाखी’ दोन रुपयांची तपासणी

कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक. गेली काही वर्षं प्रजासत्ताक भारताची नाणी जमवतात, मुलांना इतिहास शिकवताना वर्गात दाखवतात. त्यांनी समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याकडून पाच नाण्यांचा संच घेतला. सगळी ‘टाकसाळीच्या चुकीची’ म्हणून विकलेली. एकूण चौदा हजार तीनशे रुपये. त्यातले नऊ हजार एकट्या दोन रुपयांच्या नाण्याचे होते, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना अशोकस्तंभाचे सिंह होते: एका बाजूला नेहमीसारखे उठावदार, दुसऱ्या बाजूला खोलगट आणि उलटे, आरशात दिसावेत तसे. सोबत विक्रेत्यानेच छापलेलं ‘अस्सल मिंट एरर’ असं कार्ड होतं आणि पंधरा दिवसांत नाणी परत घेण्याचा शब्द.

सरांनी फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न नेमका होता. “मला किंमत नकोय. ही चूक टाकसाळीत झाली की बाहेर कुणीतरी केली, एवढंच सांगा. आणि बाहेर केली असेल तर ते मला त्या माणसाला पटवून देता आलं पाहिजे.”

ही दुसरी अट मला फार मोलाची वाटली. ‘बघताक्षणी खोटं वाटतं’ हे जाणकाराचं मत झालं. त्यावर कुणी पैसे परत देत नाही. म्हणून तपासणी कशी केली, कुठला पुरावा कामाचा निघाला आणि कुठला नुसताच गोंधळ वाढवणारा, ते इथे तपशिलात लिहितो आहे. अशी नाणी सध्या फार फिरतात, आणि त्यांना बळी पडणारे बहुतेक जण या सरांसारखेच मनापासून जमवणारे असतात.

आधी काय झालं, नंतर काय झालं

चुकीचं नाणं तपासताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहतो: खोट आधी की ठसा आधी? टाकसाळीत नाणं ठरलेल्या क्रमाने तयार होतं. धातूची लांब पट्टी लाटून हव्या त्या जाडीला आणतात. तिच्यातून कोऱ्या चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उभारतात. मग तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. शेवटी ती छापणी यंत्रात दोन ठशांच्या मध्ये येते. भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दोन्ही ठसे एकाच दणक्यात आपापली बाजू उठवतात आणि कॉलर धातूला बाहेर पसरू देत नाही. नाण्याचा आकार, व्यास आणि कडेची रचना तिथे पक्की होते.

खरी चूक या साखळीतल्या कुठल्यातरी कडीत घडलेली असते. ती कुठल्या कडीत घडली ते सांगता आलं पाहिजे, आणि त्या कडीनंतरच्या सगळ्या पायऱ्यांच्या खुणा त्या चुकीच्या *वर* दिसल्या पाहिजेत. चकती कापताना चूक झाली, तर कड उभारण्याची आणि ठशाची खूण त्यानंतरची असणार. बाहेर केलेल्या कारागिरीत क्रम उलटा असतो: नाणं पूर्ण झालेलं असतं आणि खोट त्याच्या डोक्यावर येऊन बसलेली असते. भिंगाखाली हा क्रम वाचता येतो.

दोन्ही बाजूंना तेच चित्र, एक उठावाचं आणि एक खोलगट, हा प्रकार टाकसाळीत खरोखर घडतो. त्याला ब्रॉकेज म्हणतात. आपल्याकडचे व्यापारी आणि संग्राहक ‘लाखी’ म्हणतात. छापलेलं एक नाणं यंत्रातून बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आत येते. तिच्या एका बाजूला मोकळा ठसा नेहमीसारखा उमटतो. दुसऱ्या बाजूला मात्र ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचा उघडा चेहरा दाबला जातो, म्हणून तिथे तेच चित्र खोलगट आणि उलटं येतं. सरांच्या नाण्याला हे लागू करायचं, तर आधीचं नाणं दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे देशाच्या नकाशाच्या ठशाला चिकटलं, त्याची सिंहांची बाजू उघडी राहिली आणि नव्या चकतीला दोन्हीकडून सिंहच भेटले.

मग या नाण्यावर काय असायला हवं आणि काय असूच शकत नाही, ते नाणं हातात घेण्याआधीच लिहून काढता येतं. मी तसंच केलं. नऊ हजार रुपये आणि समोरच्या माणसाची आशा मध्ये असताना डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं. यादी आधी केली की त्याला आळा बसतो.

दोन रुपयांचं नाणं

हे नाणं आपल्या पिढीच्या ओळखीचं आहे. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं, अकरा कोनांचं, २६ मिलिमीटरचं, ६ ग्रॅम वजनाचं. एका बाजूला सिंह, भारत आणि दोनचा आकडा. दुसऱ्या बाजूला देशाचा नकाशा, त्यात फडकणारा झेंडा आणि ‘राष्ट्रीय एकात्मता’ ही अक्षरं. साल आणि टाकसाळीची खूण नकाशाच्या बाजूला.

वजन भरलं ५.९८ ग्रॅम. विक्रेत्याने पाठवलेल्या पहिल्याच चित्रफितीत हे नाणं सोनाराच्या काट्यावर ठेवलेलं होतं आणि ‘वजन परफेक्ट, म्हणजे ओरिजिनल’ असं तो सांगत होता. पण या प्रकरणात वजन काहीच सिद्ध करत नाही. लाखी नाणं पूर्ण चकतीवर छापलं जातं, त्याचं वजन बरोबर येणार. चांगलं नाणं दाबून बिघडवलं तरी धातू कुठे जात नाही, त्याचंही वजन बरोबर येणार. वाजवून बघण्याचंही तसंच. धातू सरकारचाच आहे यात कुणाला शंका नव्हती. शंका चित्राबद्दल होती.

पहिला खरा पुरावा मिळाला कडेपाशी. सरांना घरबसल्या करता येईल असं एक काम मी फोनवरच सांगितलं होतं. “घरातली दोन रुपयांची चांगली दोन नाणी घ्या, सिंहांच्या बाजू समोरासमोर लावा आणि फटीतून उजेडाकडे बघा.” त्यांना जे दिसलं ते कुणालाही दिसेल. नाण्याची कड चित्रापेक्षा उंच असते, त्यामुळे कड कडेला टेकते आणि मधली चित्रं एकमेकांपासून दूर राहतात. नाणी एकावर एक नीट बसावीत आणि चित्र लवकर झिजू नये म्हणून ती रचना असते.

आता व्हाईसमध्ये, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीत, दोन नाणी समोरासमोर आवळून एकाचं चित्र दुसऱ्यावर उमटवायचं असेल, तर आधी ही कड चिरडावी लागते. ती चिरडली की धातू बाहेर सरकतो, कारण तिथे कॉलर नसते. खऱ्या लाखीत परिस्थिती वेगळी असते. कोऱ्या चकतीची त्या बाजूची किंचित उभारलेली कड चिकटलेल्या नाण्याच्या कडेखाली पूर्ण दबते, त्यामुळे खोलगट बाजूला उभी कड राहतच नाही. उलट काठाने सलग, एकसारखी बसकी पट्टी दिसते. आणि सगळं कॉलरच्या आत घडत असल्यामुळे अकराही कोन जागच्या जागी राहतात.

सरांच्या नाण्यावर खोलगट बाजूची जुनी कड जागेवरच होती. फक्त तिचा माथा सपाट झाला होता, त्यावर चमकदार पट्टा आला होता आणि चार-पाच कोनांपाशी ती बाहेरच्या अंगाला ओठासारखी झुकली होती. कोन अकरा असल्यामुळे या नाण्याची मापं कोनापासून समोरच्या सरळ बाजूपर्यंत घ्यावी लागतात. माझ्याकडच्या चांगल्या नाण्यांत ही मापं सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखी येतात. इथे एका दिशेला आणि दुसऱ्या दिशेला ०.३ मिलिमीटरचा फरक होता. कॉलरमध्ये तयार झालेलं नाणं असं एकाच अंगाने फुगत नाही.

दुसरा पुरावा चित्राच्या जागेचा. खऱ्या लाखीत चिकटलेल्या नाण्यावरचे सिंह त्याच सिंहांच्या ठशाने, त्याच जागी, एक दणका आधी उठवलेले असतात. म्हणून नव्या नाण्यावर पुढचे उठावदार सिंह आणि मागचे खोलगट सिंह बरोबर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. चिकटलेलं नाणं क्वचित फिरतंही. पण अकरा कोनांच्या कॉलरमध्ये नीट बसायचं तर त्याला एका कोनावरून दुसऱ्या कोनावर, म्हणजे साधारण ३२.७ अंशांच्या पटीतच फिरावं लागेल. दोन्ही बाजूंची छायाचित्रं घेतली, मागची बाजू आरशासारखी उलटवली, कोनांवर कोन जुळवून एकावर एक पारदर्शक ठेवली. मोबाइलवरच्या साध्या अॅपमध्येही हे जमतं. मागचे सिंह सुमारे सात अंशांनी कललेले निघाले आणि मध्यापासून एका बाजूला सरकलेलेही. हाताने ठेवलेल्या नाण्याचा हा कल होता. यंत्राला असा कल देण्यासाठी जागाच नव्हती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. गोल नाण्याच्या बाबतीत हा पुरावा इतका पक्का राहत नाही, कारण गोल कॉलरमध्ये चिकटलेलं नाणं कितीही अंशांनी फिरू शकतं. शिवाय चिकटलेलं नाणं बराच वेळ तसंच राहिलं तर प्रत्येक दणक्याला ते पातळ होत पसरतं, टोपीसारखं ठशाला लपेटतं, आणि पुढच्या चकत्यांवर चित्र मोठं, फुगलेलं, हळूहळू अस्पष्ट होत उमटतं. तेव्हा खोलगट चित्र आकाराने मोठं आणि विस्कटलेलं दिसलं, तर ते उलट अस्सलपणाच्या बाजूने बोलतं. व्हाईसमध्ये दाबलेलं चित्र मात्र नेहमी मूळ आकाराचंच येतं. सरांच्या नाण्यावर ते मूळ आकाराचं होतं. पण पहिल्याच दणक्याची खरी लाखीही मूळ आकाराची असते, म्हणून या मुद्द्याला मी कुठलंच वजन दिलं नाही.

निर्णायक गोष्ट तिसरी. दहापट भिंगातून आणि बाजूने तिरपा उजेड टाकून खोलगट बाजू सावकाश फिरवली. सिंहांच्या खोलगट रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत नकाशाची पूर्व किनार दिसत होती, दबलेली पण सलग. झेंड्याच्या दोन लाटा होत्या. आणि काठाजवळ सालाचे दोन आकडे होते, एक आणि नऊ, माथे चपटे झालेले. त्यांच्याजवळ मुंबई टाकसाळीच्या हिऱ्याचा अर्धा आकार.

हे आकडे बघून सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच विचारलं, “म्हणजे नकाशाचा ठसा या नाण्याला लागलाय?” लागला होता. आणि लाखीच्या गोष्टीचा पायाच हा, की नकाशाचा ठसा चिकटलेल्या नाण्याखाली झाकला गेल्यामुळे त्या चकतीला तो भेटलाच नाही. दोन्ही बाजूंना सिंह असलेल्या खऱ्या लाखीवर साल असूच शकत नाही, टाकसाळीची खूण असू शकत नाही, नकाशाची एक रेषही असू शकत नाही. इथे तिन्ही होतं, आणि तिन्ही सिंहांच्या *खाली* होतं. नाणं आधी पूर्ण छापलं गेलं, सिंह नंतर आले.

एक आडवाट, जी बंद करायलाच हवी होती

विक्रेता हुशार असेल तर इथे एक उत्तर देऊ शकतो, आणि या विक्रेत्याने पुढे दिलंही: नाणं टाकसाळीतच दोनदा छापलं गेलं. पूर्ण झालेलं नाणं चुकून पुन्हा यंत्रात आलं, त्या वेळी वर दुसरं नाणं होतं, म्हणून पहिल्या चित्रावर उलटे सिंह बसले.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. असं घडतं, अशी अस्सल नाणी जगभरच्या टाकसाळींतून निसटली आहेत. आणि ही शक्यता तपासल्याशिवाय ‘खाली नकाशा दिसतो, म्हणून खोटं’ म्हणणं घाईचं ठरलं असतं. म्हणून प्रश्न पुन्हा क्रमाचाच: दुसरा दणका टाकसाळीच्या यंत्राचा असेल, तर दुसऱ्या बाजूचं काय व्हायला हवं?

यंत्रात दणका एकाच बाजूला बसत नाही. मागून वरचं नाणं उलटे सिंह दाबत असताना पुढून सिंहांचा खरा ठसा त्याच जोराने आदळत असतो. म्हणजे पुढचे सिंह एकतर दुसऱ्यांदा ठळक उठायला हवेत, किंवा नाणं जागेवरून हललेलं असेल तर दुहेरी दिसायला हवेत. तो ठसा पोलादाचा असतो आणि सिंहांच्या आकाराचा असतो. तो सिंहांना सपाट करू शकत नाही.

सरांच्या नाण्यावर पुढचे सिंह सपाट होते. मधल्या सिंहाचं नाक, आयाळीचे उंच भाग, दोनच्या आकड्याचा माथा, सगळे एका पातळीत बसलेले. त्या सपाट जागांवर बारीक खवल्यांची एकसारखी नक्षी होती. चामडं किंवा कापड मध्ये घालून व्हाईसच्या सपाट जबड्याने दाबलं की असंच होतं: जबड्याचे ओरखडे उठू नयेत म्हणून मऊ थर घालतात आणि त्या थराचाच पोत नाण्यावर उतरतो. शिवाय दुसऱ्या दणक्याचा जोर टाकसाळीचा असता, तर नकाशा इतका वाचता आला नसता. खोलगट सिंह मध्यभागी खोल आणि काठाकडे उथळ होत गेले होते. हा हळूहळू वाढवलेला, असमान दाब होता.

दोनदा छापल्याची वाट तिथे बंद झाली. माझा निष्कर्ष मी सरांना स्पष्ट शब्दांत लिहून दिला: चलनातलं चांगलं नाणं, टाकसाळीबाहेर, दुसऱ्या नाण्याच्या साहाय्याने दाबलेलं. ‘बहुधा’ हा शब्द मी घातला नाही, कारण त्याची गरज उरली नव्हती. प्रात्यक्षिक म्हणून चालू नाणी व्हाईसमध्ये चिरडून दाखवावीत असं एकाने सुचवलं होतं. नाणी वितळवायला आणि नष्ट करायला नाणे अधिनियम, २०११ मनाई करतो, आणि समोरासमोर धरलेल्या दोन नाण्यांमधली उजेडाची फट तेच काम करते.

दहा रुपये, आणि वळलेला गाभा

संचातलं दुसरं महागडं नाणं दोन धातूंचं दहा रुपयांचं, अडीच हजारांचं. मधल्या गाभ्यातले सिंह बाहेरच्या कड्यावरच्या ‘भारत’ या अक्षरांच्या मानाने जवळजवळ पाव फेरा वळलेले. विक्रेत्याने याला ‘रोटेटेड सेंटर’ असं भारदस्त नाव दिलं होतं.

याला भिंगही लागलं नाही. या नाण्याचं कडं आणि गाभा वेगवेगळे तयार होतात, हे खरं; पण छापणीआधी दोन्ही कोरे एकात एक बसवले जातात आणि एकाच ठशाखाली एकाच दणक्यात चित्र उमटतं. त्याच दणक्याने ते एकमेकांत घट्टही बसतात. एकाच ठशावर सिंह आणि अक्षरं दोन्ही कोरलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातला कोन कधीच बदलू शकत नाही. गाभा अक्षरांच्या मानाने वळलेला दिसला, की तो छापून झाल्यावर बाहेर काढून पुन्हा ठोकलेला आहे. अपवाद शोधायला मला तरी जागा दिसत नाही.

ठसा फिरण्याची खरी चूक वेगळी असते. त्यात एका बाजूचा *सगळा* ठसा, कडं आणि गाभा मिळून, दुसऱ्या बाजूच्या मानाने फिरलेला असतो. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या असतात. नाणं उभ्या आसाभोवती वळवलं की दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर ती लक्ष देण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती नाण्यावर हत्यार चालवून सहजासहजी करता येत नाही. तसंच गाभा मध्यापासून सरकून कड्यात घुसलेला असेल आणि चित्र त्या वाकड्या सांध्यावरून न तुटता गेलं असेल, तर तीही खरी चूक असू शकते. सरांच्या नाण्यावर सांध्याच्या काठाला पोगरासारख्या हत्याराचे तीन ओरखडे होते. वजन ७.७१ ग्रॅम, जितकं हवं तितकंच; इथेही वजनाने काही सांगितलं नाही.

दहा रुपयांबद्दल आणखी एक गैरसमज याच निमित्ताने निघाला. सरांच्या एका सहकाऱ्याने चित्रातली ‘किरणं कमी असलेलं’ नाणंही चुकीचं म्हणून जपून ठेवलं होतं. दहा रुपयांची नाणी वेळोवेळी वेगवेगळ्या रचनांत निघाली आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून अशा चौदा रचना चलनात वैध असल्याचं सांगितलं होतं. रचनेतला फरक हा ठरवून केलेला असतो. तो चूकही नाही आणि बनावटही नाही.

दोन तुटकी रुपये, एक खरं

आठशे रुपयांना एक अशी दोन एक रुपयाची नाणी होती. दोन्ही जुन्या स्टेनलेस स्टीलची, २५ मिलिमीटरची, कणसांचं चित्र असलेली. दोन्हींचा काठाचा एक तुकडा गायब. मूळ वजन ४.८५ ग्रॅम, एकाचं ४.४१ भरलं, दुसऱ्याचं ४.५२. विक्रेत्याला ही जोडी किरकोळ वाटली असावी. मला संचातली हीच सर्वात शिकण्यासारखी वाटली, कारण दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवायला मिळाल्या.

असं नाणं टाकसाळीत कसं होतं, ते स्वयंपाकघरात दिसतं. लाटलेल्या मोठ्या पोळीवरून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुढची पुरी चंद्रकोरीने कमी निघते. धातूची पट्टी यंत्रात पुरेशी पुढे सरकली नाही की चकतीचं तेच होतं. मग ही उणी चकती पुढच्या सगळ्या पायऱ्यांतून जाते, आणि प्रत्येक पायरी तिच्यावर सही करते.

४.४१ ग्रॅमच्या नाण्यावर त्या सह्या होत्या. तुटक्या भागाची कमान दुसऱ्या एक रुपयाच्या काठाला नीट चिकटून बसत होती, म्हणजे ती चकत्या कापणाऱ्या तेवढ्याच गोल ठोशाची होती. कमानीजवळची अक्षरं तुटलेली नव्हती. ती कमानीकडे ओढली गेल्यासारखी लांबट आणि फिकट झाली होती. छापणीच्या दणक्यात धातूला तिथे मोकळी जागा मिळाली आणि तो तिकडे वाहिला. सर्वात बोलकी खूण होती तुटक्या भागाच्या बरोबर समोर: तिथे नाण्याची कड अंगठ्याच्या नखाएवढ्या लांबीत जवळजवळ नाहीशी झाली होती. कड उभारणारं यंत्र चकतीला दोन समोरासमोरच्या बाजूंनी दाबत फिरवतं. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि ती कड उभी राहत नाही. नाणेशास्त्रात याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. सगळ्याच खऱ्या तुटक्या नाण्यांवर तो तितका स्पष्ट नसतो, पण असला की मोठा आधार असतो. कारण कानस घेऊन बसणाऱ्या माणसाला समोरची कड *आधीपासून न उभारलेली* करता येत नाही.

४.५२ ग्रॅमच्या नाण्याची कड समोर भरभक्कम होती. तुटक्या काठापाशी अक्षर मध्येच सरळ कापलेलं, आणि कापलेल्या पृष्ठभागावर समांतर बारीक रेघा, कानशीच्या. ठसा आधी, खोट नंतर.

पाचवं नाणं, बाराशे रुपयांचं ‘कॉलरबाहेर छापलेलं’, रुळावर ठेवून रेल्वेखाली चपटं केलेलं होतं. ते लांबोडकं होतं आणि त्यावरचं चित्र एकाच दिशेने ताणलेलं होतं. कॉलरबाहेर छापलेलं नाणं सगळ्या बाजूंनी गोल पसरतं आणि त्याच्या मध्याचं चित्र ताजं, ठसठशीत असतं. यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नव्हतं.

विक्रेत्याशी बोलणं

अहवाल सरांनी स्वतः लिहिला, मी वाचला. त्यात ‘फसवणूक’ हा शब्द नव्हता, आणि ते योग्यच होतं. नाणी कुणी बिघडवली हे आम्हाला ठाऊक नव्हतं, विक्रेत्याने स्वतःही ती कुणाकडून विकत घेतलेली असू शकतात. फक्त छायाचित्रं, बाण आणि प्रत्येकाखाली एक वाक्य. पहिलं छायाचित्र सालाच्या दोन आकड्यांचं.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर वजनाचं होतं. दुसरं, नाणं ‘टाकसाळीतल्या माणसाकडून आलेलं’ असल्याचं. तिसरं, दोनदा छापल्याचं. त्यावर सरांनी पुढच्या सपाट सिंहांचं छायाचित्र पाठवलं. मग एक निरोप आला की परदेशी प्रमाणन संस्थेकडे पाठवा, ते खोटं म्हणाले तर पैसे देतो. पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था चुकीची नाणी तपासून सीलबंद करतात, त्यांचं मत बाजारात मानलं जातं. पण पाठवण्याचा खर्च आणि लागणारे महिने बघता पंधरा दिवसांची मुदत तोवर केव्हाच संपली असती. सरांनी शांतपणे लिहिलं, “मुदतीत परत घेण्याचा शब्द तुमचा आहे. त्याला कारणाची अट नव्हती.” त्या वाक्याने काम झालं, भिंगाने नाही, हेही इथे नोंदवायला हवं. खरेदीआधी परतीची अट लेखी घेणं हे कुठल्याही तपासणीपेक्षा स्वस्त पडतं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात लोकांकडून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितलं होतं. या प्रकरणात कुणी बँकेचं नाव घेतलं नाही. पण आधी लाखोंच्या किमतीच्या बातम्या पसरतात आणि मग त्या आशेवर व्हाईसमध्ये दाबलेली नाणी विकली जातात. दोन्हींचा गिऱ्हाईक एकच असतो.

चार नाण्यांचे साडेतेरा हजार परत आले. ४.४१ ग्रॅमचं रुपयाचं नाणं सरांनी ठेवून घेतलं. आठशे रुपये त्यासाठी थोडे जास्तच गेले असं माझं मत, त्यांना ते मान्य नाही. वर्गात पट्टी, ठोसा आणि कॉलर समजावून सांगायला यापेक्षा चांगलं साधन नाही, असं ते म्हणतात.

अडचण उरली ती परत गेलेल्या नाण्यांची. पैसे हवे तर नाणी परत करावी लागणार होती, आणि परत केली की ती पुन्हा विकली जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. सरांनी पाठवण्याआधी चारही नाण्यांची सर्व बाजूंनी छायाचित्रं काढली आणि ओळखीच्या संग्राहकांना दिली. दोन रुपयांच्या त्या नाण्याची ओळख अशी: खोलगट सिंह कोनांच्या मानाने सुमारे सात अंश कललेले, त्याच बाजूला काठाजवळ सालातले एक आणि नऊ, चपटे पण वाचता येणारे, शेजारी हिऱ्याचा अर्धा भाग, पुढच्या मधल्या सिंहाच्या नाकावर खवल्यांचा पोत, कड चार-पाच कोनांपाशी बाहेर झुकलेली. हे नाणं कुणाच्या समोर लाखी म्हणून आलं, तर आधी ते एक आणि नऊ शोधावेत.